रुग्णाची राखीव जागा

नाई नाई, मानसिक म्हणजे तसं नाई जी, बंडूजी — तुम्ही उठू नोका, बसा, चहा होऊनच राह्यला — थो भिंतीवरचा फोटो पाहून सारेच असे दचकतात. मागं बॅनर आहे न, त्याच्यावर मोठ्ठ्या अक्षरात लिहून आहे, जिल्हा मानसिक आरोग्य सल्लागार समिती, अन् खाली मी, हात वर करून. म्हणून काई मी तसा नाई. मेंबर आहो मी. सरकारी मेंबर! तुमच्या पोराचा, धनंजयचा, होणारा सासरा रूपराव वडनेरवाला जिल्ह्याच्या समितीवर आहे, हे तुम्ही समुद्रपुरात बिनधास्त सांगा. पोरगी तं तुमच्या घरच्याइनं पाह्यली, सुरभी पसंत आहे म्हणले, आज तुम्ही एकटेच घरदार पाहाले, चौकशी कराले आले — बरोबर केलं. कराच लागते. सोयरिकीत काई लपवू नाई, मी तं या मताचा आहो. विचारा, काई बी विचारा.

हाव, मेंबर कसा झालो? आता थे सांगतो. सरकारनं नवा नियम काढला न — का समितीत डॉक्टर पाहिजे, वकील पाहिजे, साहेब लोक पाहिजे, अन् एक जागा पाहिजे रुग्णाची. म्हणजे ज्याले थे झालं होतं, असा माणूस. आता तुम्हीच सांगा, आपल्या भागात कोण हात वर करन? हापिसातली बाई गाडी घेऊन गावोगाव फिरली, बिचारी. सारे म्हणे आमच्या गावात कोणी नाई, बाजूच्या गावात पाहा. बाजूचं गाव म्हणे त्याच्या बाजूच्या गावात पाहा. असं करत करत थे बाई जिल्ह्याच्या बाहेरच निघाली असती! मंग आमच्या इथं आली. आमच्या सरपंच सुलोचनाबाई, पण मिटिंगले त्याइचे मालक हरिदासभाऊच जातात, बाईची जागा राखीव आहे म्हणून सहीपुरत्या बाई. त्या हरिदासभाऊनं मले बाजूले घेतलं, म्हणे रूपराव, हे बी राखीवच आहे, जशी बाईची तशी रुग्णाची. तुमच्या घरी बायकोच्या नावाचा डॉक्टरचा कागद आहे न? मंग बायको रुग्ण, तुम्ही बसा खुर्चीवर. सरपंचपती असते, तसा रुग्णपती.

भांडं पडलं वाटते आत. मांजर असन.

नाई, म्हणजे — बायकोले, कोकिळेले, काई नाई जी आता. ठणठणीत आहे. चार बायाइचं काम एकटी करते, वांग्याची तोडणी, सांबार-कोथिंबिरीच्या जुड्या, हिंगणघाटचा बाजार. मागं कधी थोडंसं झालतं, डॉक्टरच्या कागदावर नाव लागलं, बस एवढंच. अन् नाव लागलं म्हणून तं खुर्ची भेटली! नाईतं भाजी विकणाऱ्याले एसीत कोण बसवते? खुर्चीवर पाटी आहे — सौ. कोकिळा रूपराव, रुग्ण प्रतिनिधी. त्याच्यामागं मी. पहिल्या मिटिंगले अध्यक्षसाहेब पाटी पाहे, मले पाहे, पुन्हा पाटी पाहे. म्या सांगतलं, साहेब, घरचा माणूस आहो. ते म्हणे बरं बरं. त्याइच्या गावात बी तसंच असन.

पण एक सांगतो, लय अवघड खुर्ची आहे थे. मी चहा घेतो तं सारे पाहातात, कप कसा धरते. मी बोललो, का साहेब, डॉक्टर आठवड्यातून एकदाच येते, त्यातबी कधी येतच नाई — तं वकीलबाई शेजारच्याले हळूच म्हणते, किती छान बोलतात न! जसं काई कोंबडं बोललं. अन् मी सरळ बोललो का त्याइले आवडत नाई, त्याइले वाटते हा खरा नाई. म्हणून मी आता मधामधात खिडकीबाहेर पाहातो. थोडा टाइम पाहातो, मंग बोलतो. तवा लिहून घेतात. शिकून गेलो बाप्पा.

बजेट? हाव, बजेट आमच्याच हातात असते! मार्च महिन्यात मिटिंग झाली, लय मोठी. गोळ्याइचे पैसे आलते, पण मागणी टायमावर गेली नाई, अन् मार्च संपला का पैसे वापस. मंग काय करा? एक साहेब म्हणे, बांधकामात टाका. बांधकाम पटकन होते, दिसते बी. मंग ठरलं — दरेक सरकारी दवाखान्याच्या गेटाजवळ एक ओटा बांधायचा, वर टिनाचं छत, नाव संवाद कट्टा. लोकाइनं यायचं, बसायचं, मन मोकळं करायचं. अध्यक्ष म्हणे, रुग्णाचं काय मत? सारे माह्याकडं पाहून राह्यले, फोटोवाला बी समोर उभा. मी खिडकीबाहेर पाह्यलं. मंग हात वर केला. थोच हा फोटो! हात दिसून राह्यला न?

आता पुन्हा काई पडलं. नाई, मांजर नाई जी आमच्याकडं, खरं सांगतो. कोकिळा आहे. तिले वाटते मी जास्त बोलतो.

कट्टा झाला न, कसा नाई! एक नंबर झाला. ग्रॅनाइट लावला. एसटीची वाट पाहणारे बसतात, दुपारी कुत्रे झोपतात, थंड राह्यते. अन् गोळीच्या खिडकीवर गेलं का थो पोरगा म्हणते, काका, गोळी नाई, कट्ट्यावर बसा. म्या म्हणलं अरे, मी मेंबर आहो. थो म्हणे मंग मेंबरनं बी बसावं. मी बसलो. बाजूले एक म्हातारा बसला होता, त्याले म्या सारं सांगतलं, पहिल्यापासून, घसा सुकला माहा. थो उठून बसमधी चढला. बस वायगावची, अन् त्याले जायचं होतं नागपूरले, मंग समजलं मले.

पण तसं बरंच आहे जी, बोलणं. आता पाहा न, पहिले मी असा बोलत नव्हतो. गोळ्या चालू होत्या तवा मी दिवसभर मोजून दोन शब्द बोलो. आता बंद झाल्या तं थांबतच नाई, झोप बी येत नाई, मंग सकाळी बैलाले बी सांगतो —

हाव. मी म्हणलं? मीच म्हणलं.

आता म्हणूनच घेतलं तं ऐका, तुमच्यापासून काय लपवायचं. झालतं ते मले झालतं. कोकिळेले नाई. अन् कारण काई नाई, कारण विचारू नोका, त्या साली वांगे इतके चांगले आलते का गाडी भरून जाये. मी बाजेवर पडून राहो. उठाची इच्छा नाई, जेवाची नाई, शेतात जाचं म्हणलं का विहिरीच्या काठाशी येऊन थांबो अन् तिथंच उभा राहो. कोकिळा म्हणे दवाखान्यात चला, मी म्हणो मी काय पागल आहो का? मंग थे एकटीच गेली. हिंगणघाटले. डॉक्टरपुढं बसली अन् म्हणे, साहेब, मले झोप येत नाई, मले जेवण गोड लागत नाई, मले विहिरीपाशी गेलं का परत यावंसं वाटत नाई. सारं माहं. मले एका शब्दानं विचारलं नव्हतं तिनं, बंडूजी, तरी एक बी गोष्ट चुकली नाई. डॉक्टरनं तिच्या नावाचा कागद केला, गोळ्या देल्या, तिनं त्या कुटून वरणात टाकल्या. मले दोन महिन्यानं समजलं. तवा लोक तिले येडी म्हणे, अन् मी मस्त हिंडून राह्यलो होतो. लाज वाटते जी मले याची. लय वाटते.

मंग पाहा, कायदा कुठी मोडला? रुग्णाच्या खुर्चीत रुग्णच बसते! पण सांगावं कोणाले.

आता तुम्ही चपला पाहून राह्यले. मोडली का सोयरिक? तसं असन तं सांगा, पण पोरीले कारण सांगू नोका. पिपरी मेघेले राह्यते थे, शाळेत शिकवते, तिले यातलं काई माईत नाई.

काय? जोरानं बोला न. गोळी? कोणती गोळी म्हणजे — पांढरी, गोल, मधात रेघ असते थे. काऊन? तुमच्याकडं बी नाई भेटून राह्यली? समुद्रपूरच्या खिडकीवर बी नाई? तुमच्या घरी कोण घेते?

धनंजय.

कवापासून? बारावीपासून. अन् तुमच्या घरचे पोरगी पाहाले आले तवा एका शब्दानं नाई बोलले! थो तं इतका हासत होता, इतका चांगला बोलला. गोळीवर होता म्हणा की तवा. नाई बंडूजी. आता तुम्ही राग मानू नोका, पण नाई. पोरीच्या जिंदगीचा सवाल आहे. मी जिल्ह्याच्या समितीवर आहो, मले समजते यातलं, अशा घरी काय होते थे मले माईत आहे. दिसाले तं सारं साधंच दिसते. आमच्या घराण्यात असं काई नाई — म्हणजे आहे, पण थे वेगळं आहे, थे आमचं आहे. तुम्ही चहा घ्या अन् निघा, हात जोडतो.

कोकिळे, आण चहा, पाहुणे निघून राह्यले. अवं, इथं कायले बसली? मधात? थे खुर्ची माही — बरं, बस. काय विचारून राह्यली त्याइले? लग्नाची तारीख? कायची तारीख, मी आत्ताच नाई म्हणलं न! नाई, ऐकलं नाई का तू? आतून तं सारं ऐकू येत होतं तुले, भांडे आदळत होती. अवं, मी बोलून राह्यलो न तुह्याकडून.

मी नोको बोलू?

बरं. बोल मंग.