आहे म्हणतं आणि नाहीही म्हणतं

...आणि हे मशीन वर तोंड करून मलाच सांगतं, 'मॉड्यूल आधीच बसवलेलं आहे'! आधीच? कधी? कुणी बसवलं? तुम्हाला सांगतो, मी काही संशयी माणूस नाही, पण माझ्या कॉम्प्युटरमध्ये मला न विचारता कुणी काही बसवून गेलं, तर विचारायचंसुद्धा नाही का?

त्याचं काय आहे, बायकोचा फिजिओथेरपीचा दवाखाना. तिथे पेशंटला नंबराची चिठ्ठी छापून देणारा प्रोग्राम मी लिहिला, पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत, पुस्तक वाचून, स्वतः. प्रिंटरशी बोलणारं तेवढं एक मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामला जोडायचा तयार तुकडा, बसवायचं राहिलेलं. नंबर नसला की तिथे काय होतं माहितीये? मागच्या सोमवारी एका आजोबांनी काठी उगारली, "आधी मी" म्हणून. कंबरेतून वाकता येत नाही म्हणून आलेले आजोबा! बायकोनं बजावलं, "उद्या सकाळी चिठ्ठी निघाली नाही, तर मी धाकट्याला बोलावणार."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स घालणारा तोच. "दाजी, फुकट असतं, व्हायरस नाही, कटकट नाही." मी संशयी नाही हो, पण मेहुणा आणि फुकट, हे दोन शब्द एका वाक्यात आले की माणूस जरा सावरून बसतोच ना?

तर मी हुकूम सोडला: बसव. ते म्हणालं, आहे. बरं, आहे तर आहे. प्रोग्राम चालवला. तो म्हणाला, असं मॉड्यूलच नाही! म्हणजे खाली वॉचमन सांगतो साहेब घरात आहेत, आणि वर बेल वाजवावी तर बाई म्हणतात ते केव्हाच गेले. यातलं खोटं कोण बोलतंय?

काढून टाकलं, परत बसवलं. मालकाचा अधिकार वापरून बसवायला गेलो तर पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय, करतोय... पडद्यावर एक टिंब उमटेल तर शपथ! मग माझा पासवर्ड गेला कुठे? कुणी घेतला? इंटरनेटवर शोधलं, तर नेमकी हीच अडचण एका गृहस्थांनी मांडलेली. जीव भांड्यात पडला. खाली त्यांनीच लिहिलेलं, 'सुटलं, धन्यवाद.' कसं सुटलं? ते नाही सांगितलं! मी संशयी नाही, पण हा माणूस काय लपवतोय?

मागून बायकोचा आवाज, अगदी गोड, "बोलावू का?" मी म्हटलं, "बोलाव. बघू तरी, आपल्याच हातचा घोळ कसा लपवतो ते."

आला. खुर्चीत बसला, चार बटणं दाबली आणि हळूच म्हणाला, "दाजी, यात दोन-दोन पायथन आहेत. मॉड्यूल जातंय मी घातलेल्यात, आणि प्रोग्राम चालतोय या दुसऱ्यावर. दुसरं कुणी घातलं?"

आता काय सांगू तुम्हाला... मीच. मागच्या महिन्यात. त्यानं घातलेल्या पायथनवर माझा भरवसा बसेना, म्हणून आपलं स्वतःचं, वेगळं, कुणाचा हात न लागलेलं एक घालून ठेवलं होतं. आणि विसरलो. बायको दारात उभी, हाताची घडी घालून. "काय रे, काय झालं होतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी प्रिंटरकडे बघितलं. आणि तो म्हणाला, "काही नाही ताई, मशीनचाच घोळ होता. दाजींचा प्रोग्राम फर्स्टक्लास आहे." बोलता बोलता मॉड्यूल माझ्या पायथनमध्ये बसवलं, आणि खर्रकन चिठ्ठी बाहेर आली, नंबर एक. चहा पिऊन गेलासुद्धा.

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही बघा. मी संशयी नाही, पण तुम्हीच सांगा... सख्खा मेहुणा, आणि इतका चांगला वागला. का?