खाली कोण तळतंय?

तड... तड तड तड... तड! आता तुम्हीच सांगा, हा समुद्राचा आवाज आहे का? हा तर तापल्या कढईचा! दादा बुडाला ना, माझा थोरला भाऊ, आमच्या होडीवरचा स्वयंपाकी, त्याला शोधून शोधून आम्ही धक्क्याच्या टोकाला खडकापाशी होडी बांधून बसलो, आणि होडीच्या फळ्यांखालून हा आवाज... तुम्हाला सांगतो, तेव्हा अंगावर उभा राहिलेला काटा अजून बसायला तयार नाही! खाली कोण तळतंय?

वहिनींनी फळीला कान लावला. म्हणाल्या, "भावजी, हे तळतायत." झालं! तेव्हापासून दर रविवारी वहिनी होडीत येतात, आडव्या होतात, कान लावून ऐकतात, आणि जाताना फळीवर थाप मारून सांगतात, "येते हो. जपून, तेल उडेल." मलाही वाटायचंच ना... खाली कोण तळतंय?

आणि आता समुद्राचा अभ्यास करणाऱ्या या मॅडम आल्या. पाण्यात माईक सोडतात! म्हटलं, भाषण कोण करणार, मासे? तर म्हणतात, "आजोबा, ती बोटाच्या पेराएवढी कोळंबी. एक नांगी मोठी असते, ती खाडकन मिटली की बुडबुडा होतो, तो फुटतो, तड्! हजारोंनी असतात, दिसत नाहीत, म्हणून आवाजावरून अंदाज घ्यायचा."

कोळंबी! माझा दादा... कोळंबी! मी हात जोडले. म्हटलं, मॅडम, साऱ्या जगाला सांगा, फक्त आमच्या वहिनींना नको. "नाही सांगत, आजोबा, शप्पथ!"

रविवारी वहिनी आल्या. "काय लावलंस गं कानाला? बघू." मॅडमचा हेडफोन लावला, डोळे मिटले आणि अशा हसल्या, अहो, लग्नातसुद्धा अशा हसल्या नव्हत्या! "किती जवळ आलेत हो, भावजी!" मग कपाळाला आठी. "पण आज कमी तळतायत."

आणि मॅडमची शपथ? आनंदात विरघळली! "बरोब्बर, आजी! गेल्या वर्षीच्या निम्मासुद्धा आवाज नाही! पाणी तापतंय ना, कोळंबी मरतेय!"

बोलल्या आणि जीभ चावली. आता चावून काय उपयोग?

वहिनींनी हेडफोन काढला, माझ्या कानांवर ठेवला, नीट बसवलासुद्धा. तड... तड... आता मी कुणाला विचारू, खाली कोण तळतंय? मी फळीकडे बघत राहिलो, म्हटलं, थाप तरी मारतील. त्यांनी चपला पायात सरकवल्या, आणि फळीला हातही न लावता निघून गेल्या.