बाबागाडी डोळे झाकून घे

दवाखान्यातल्या बाकावर सातवा महिना लागलेली एक बाई बसली होती. शेजारी गुटगुटीत बाळ मांडीवर घेतलेली दुसरी. पहिलटकरणीला राहवेना.

"ताई, बाळासाठी काय काय घेऊ हो?"

"बाबागाडी. डोळे झाकून घे. आमची वर्षभर गॅसचा सिलिंडर वाहतेय, कुरकुर म्हणून नाही."

"आणि पाळणा?"

"घे की! कांदे छान हवेशीर राहतात."

"मग बाळ?"

"त्याला नाही सोसत कांद्याचा वास."

"तसं नव्हे, झोपतं कुठे?"

"माझ्या अंगावर. टब मात्र मोठा बघ, ह्यांना पाय शेकायला लागतो."

"रडणं ऐकू येण्याचं यंत्र मिळतं म्हणे?"

"सासूबाईंच्या खोलीत ठेवलंय."

"अगंबाई! काय ऐकू येतं?"

"मलाच मारलेल्या हाका. दिवसभर."

"आणि खेळणी?"

"ढीगभर आणली. हा खोक्यांशी खेळतो. खेळणी माळ्यावर."

आतून नर्सने हाक मारली, "बाळाला घेऊन या, वजन करायचंय!"

ताई ताडकन उठल्या आणि बाळ त्यांनी पहिलटकरणीच्या मांडीवर ठेवलं.

"जरा तूच ने गं ह्याला आत. बाहेर बाबागाडीत सिलिंडर बिचारा एकटाच आहे."