भिंतीला कंगवा

सांगा बरं, माणूस गेल्यावर त्यानं पसंत केलेली भिंत करायची की नाही? ताई गेल्यावर मी घरात सगळ्यांना हेच विचारलं. मग मी सरळ कारागिराला फोन लावला.

कारागीर पुरन भैया सकाळीच आला. ताईला तिच्या खोलीत निळ्या लाटांची भिंत हवी होती. त्यानं ओला निळा माल भिंतभर फासला आणि ओरडला, "कंघी दे भैया, जल्दी! सूख रहा है!"

मी धावत जाऊन ताईचा मोठ्या दातांचा कंगवा आणला.

तो हसून हसून शिडीवरून पडायचाच राहिला. "अरे, दीवार की चोटी बनाऊँ क्या? झोले वाली, लोहे की कंघी!"

मी झोळा पालथा केला. ओल्या मालात लाटा ओढायची लोखंडी कंघी नवा रायपूरच्या आधीच्या कामावरच राहिली होती.

"हव, तो यही चला दे," तो ताईच्या कंगव्याकडे बोट दाखवत म्हणाला. तेवढ्यात आई दारात आली.

"काहून रे पोट्ट्या, ताईचा कंगवा कोण्या कामाले काढला?"

"आई, माल सुकून राहिला! लाटा नाही उठल्या तर सारी भिंत खरडून काढा लागन!"

आईनं कंगवा हिसकावला. त्यात अडकलेले ताईचे केस चटकन ओढून काढले, पदराच्या गाठीत बांधले आणि कंगवा माझ्याच हातात दिला.

"वढ मंग लवकर."

मी बाह्या सारल्या आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत ताईच्या सगळ्या लाटा मीच ओढल्या.