देणगीचं कपाट

आमच्या मळमड्डीच्या मराठी वाचनालयात मी कामाला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं की कोपऱ्यातली देणगीची दोन कपाटं हलवायची नाहीत आणि का तेही विचारायचं नाही. आता पुस्तकं जमिनीवर आलीत, तरी कपाटं जागच्या जागी.

परवा समितीची बैठक झाली. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायला रोज सात-आठ मुली येतात. जागा पुरत नाही म्हणून त्यांचंच टेबल काढायचं ठरलं.

अध्यक्ष अप्पा मला म्हणाले, "नोटीस लिही. सोमवारपासून मुलींनी घरी अभ्यास करावा."

"घरी जागा असती तर त्या इथं कशाला आल्या असत्या, अप्पा? त्यापेक्षा कोपऱ्यातली दोन कपाटं काढू. आत नुसते जुने अहवाल आहेत."

"ती वकीलसाहेबांनी दिलीत. त्यांना न विचारता कशी काढणार?"

"पण ते वारले ना?"

"म्हणून तर," चिटणीस काका म्हणाले, "आता विचारायचं कुणाला?"

मी हसले. बाकी कोणी हसलं नाही.

"जास्ती बोलू नको, तंगी. सुम्ने, गुमान लिही," अप्पा म्हणाले. चिडले की ते कानडीवर येतात आणि मला 'तंगी', म्हणजे धाकटी बहीण, म्हणतात.

मी कागद-पेन त्यांच्यापुढे सरकवलं. "मी नाही लिहिणार. मुली पलीकडेच बसल्यात. तुम्ही स्वतः जाऊन सांगा."

दार उघडंच होतं. पलीकडे पानं उलटायचा आवाज थांबला होता. अप्पांनी पेन काकांकडे दिलं. काकांनी टोपण लावून ते खाली ठेवलं.