हातभरावरचा चेंडू

फाइफच्या किनाऱ्यावरच्या बसथांब्यावर गोल्फच्या पिशव्या खांद्याला लावलेले दोन म्हातारे माझ्यापुढे उभे होते.

"आर्ची, डूगल नाही आला आज?"

"तो आता खेळणार नाही, वॉटी."

"का? गेल्या उन्हाळ्यातली फायनल अजून मनाला लावून बसलाय?"

"होलपासून हातभरावर चेंडू होता त्याचा."

"एवढ्या जवळचा चेंडू आपण समोरच्याला 'दिला' म्हणून सोडून देतो. मारायलाही लावत नाही."

"मी लावला."

"फायनल होती बाबा. मीही लावला असता."

"हात थरथरत होते त्याचे. मी म्हटलं, घाबरतोस काय लेका! खांदे सैल सोड, श्वास घे, डोकं शांत ठेव."

"बरोबरच सांगितलंस की."

"सगळे हसले. चुकला तो. मग वर्षभर दिसेल तिथे मी तेच ऐकवायचो. खांदे सैल सोड, डूगल!"

"आणि तो?"

"रोज सकाळी समुद्राकडे तोंड करून श्वास मोजत बसायचा म्हणे. त्याची बायको सांगत होती. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन्स आहे. तेव्हाच सुरू झाला असणार."

"अरे देवा."

"काल गेलो होतो त्याच्याकडे. चहाचा कप काही तोंडापर्यंत जाईना. शेवटी मीच उठून धरला."

"काही बोलला?"

"हसला. म्हणाला, 'आज दिलास होय, आर्ची?'"