बिनचालकाची गाडी आणि श्यूंग मावशी

वुहानमधली सकाळ. तिळाच्या चटणीतल्या शेवया घ्यायला लागलेली रांग काही हलत नव्हती, म्हणून मी पुढच्यांच्या बोलण्याकडे कान लावले. पुढे आमच्या गल्लीतल्या श्यूंग मावशी, आणि त्यांना पाहणीसाठी प्रश्न विचारणारी विद्यापीठातली एक मुलगी.

"मावशी, बिनचालकाची गाडी येत असताना तुम्ही रस्ता ओलांडता?"

"हो तर! तिच्यासमोर उभी राहून भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा करते."

"भीती नाही वाटत?"

"कसली भीती? गरीब गाय ती! गुपचूप थांबते. आत माणूस असता तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता."

"मग दहापैकी किती विश्वास?"

"दहा! आमच्या जावयाला मात्र दोनच. समोर माणूस दिसला की तो वेग वाढवतो."

"वा! मग उत्तरांबद्दल त्याच गाडीतून एक फुकट फेरी आमच्याकडून. आत्ता बोलावू?"

"नको गं बाई! मला नातीच्या नाचाला वेळेवर पोचायचंय."

"अहो, शाळेच्या दारात सोडेल."

"सोडेल गं, पण कधी? वाटेत सगळ्या माझ्यासारख्याच उभ्या! मी आपली जावयाबरोबर जाते. त्याला कुणी आडवं येत नाही."